आधी कोण, काळा की समलिंगी?

‘टंग्ज अनटाइड’ या माहितीपटात एक प्रश्न येतो. लढाई अगदी निकराला आली, तर हा माणूस आधी कोण? काळा की समलिंगी? विचारणारा स्वतःही काळाच आहे, आणि त्याच्या सुरात चौकशीपेक्षा झडतीच जास्त आहे. उत्तरादाखल त्याला उलट प्रश्न मिळतो. दोन डोळ्यांपैकी कोणता ठेवायचा आणि कोणता काढून द्यायचा, हे कुणी कसं ठरवावं? मेंदूचा कुठला अर्धा भाग आपला आणि कुठला परका?

अमेरिकेतल्या मार्लन रिग्ज या कृष्णवर्णीय समलिंगी दिग्दर्शकाने १९८९ साली हा ५५ मिनिटांचा माहितीपट केला. तो आणि त्याच्या आगेमागे झालेले काही माहितीपट मला इथे उलगडून सांगायचे आहेत. आपल्याकडे फिल्म सोसायट्यांच्या वर्तुळाबाहेर त्यांची नावं फारशी कानावर पडत नाहीत. पण ज्या पेचातून ते जन्मले, तो मराठी वाचकाला अजिबात परका नाही.

आधी दोन शब्दांविषयी. ‘ब्लॅक’ हा शब्द अमेरिकेत फार काळ हिणवण्यासाठी वापरला जात होता. १९६०च्या दशकातल्या तरुण कार्यकर्त्यांनी तो उचलला आणि ताठ मानेने स्वतःला लावला. ‘क्वीअर’चा मूळ अर्थ ‘विचित्र’, आणि तीही शिवीच होती. १९८०च्या दशकाच्या अखेरीस समलिंगी आणि ट्रान्स (जन्मवेळी ठरवलेल्या लिंगाहून वेगळी ओळख असलेल्या) लोकांनी ती शिवी आपली केली. दुसऱ्याने फेकलेला शब्द झेलून त्याचाच झेंडा करायचा, ही गोष्ट महाराष्ट्राला शिकवायला नको. १९७२ साली मुंबईत उभ्या राहिलेल्या दलित पँथरने तर आपलं नावच अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून घेतलं होतं.

आता पेचाकडे वळू. तो सगळ्यात स्पष्ट दिसतो तो एका कोर्टाच्या खटल्यात.

१९७०च्या दशकात पाच कृष्णवर्णीय स्त्रियांनी एका मोठ्या मोटार कंपनीविरुद्ध दावा लावला. त्यांचं म्हणणं असं की, कंपनीने वर्षानुवर्षं काळ्या बायकांना कामावर घेतलंच नाही. शेवटी घेतलं, आणि कपातीची वेळ आल्यावर ‘जे नंतर आले ते आधी जातील’ या नियमाने त्यांनाच घरी बसवलं. कोर्टाने पाहिलं तर कंपनीत स्त्रिया होत्या, म्हणजे स्त्रियांवर अन्याय नाही. काळे लोकही होते, म्हणजे काळ्यांवर अन्याय नाही. दावा टिकला नाही. पण कंपनीतल्या त्या स्त्रिया होत्या गोऱ्या आणि ते काळे लोक होते पुरुष. काळ्या बाईसाठी कायद्यात खणच नव्हता. किंबर्ले क्रेनशॉ या कायद्याच्या अभ्यासक स्त्रीने १९८९ साली हा खटला पुढ्यात घेऊन ‘इंटरसेक्शनॅलिटी’, म्हणजे एकाच माणसावर अनेक भेदभाव एकमेकांना छेदून येतात, ही कल्पना मांडली. तिने चौकाचं उदाहरण दिलं. चौकाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला कुठल्याही रस्त्यावरून येणारी गाडी धडक देऊ शकते, कधी कधी दोन-दोन गाड्या एकदम. अपघातानंतर मात्र नेमका दोष कुणाचा हे ठरत नाही, आणि कुणालाच जबाबदार धरलं जात नाही.

क्रेनशॉने हा चौक कायद्याच्या भाषेत दाखवला. त्याच वर्षी रिग्जने तो पडद्यावर आणला, आणि त्यासाठी त्याला माहितीपटाची सगळी घडीच मोडावी लागली.

रिग्जचा जन्म १९५७चा, टेक्सासमधल्या फोर्ट वर्थचा. हार्वर्डमध्ये इतिहास शिकला, बर्कलीला पत्रकारिता केली आणि पुढे तिथेच शिकवू लागला. त्याचा पहिला गाजलेला माहितीपट ‘एथनिक नोशन्स’, १९८७चा. गोऱ्या अमेरिकेने दीडशे वर्षं खेळण्यांवर, जाहिरातींत, गाण्यांत, कार्टूनमध्ये काळ्या माणसाची कोणती सोंगं रंगवली, हे तो दाखवतो. मालकाच्या मुलांवर जीव टाकणारी जाडजूड आया, सतत दात काढणारा आळशी गडी. माहितीपटाला दूरचित्रवाणीचा एमी पुरस्कार मिळाला. त्याची मांडणी मात्र ओळखीची होती. पडद्यामागून एक धीरगंभीर आवाज, मधूनमधून तज्ज्ञ, आणि पुरावे एकामागोमाग एक. आपण फिल्म्स डिव्हिजनच्या माहितीपटांत ऐकत आलो तसाच, सगळं काही ठाऊक असलेला आवाज.

या आवाजाची एक मर्यादा असते. तो कायम ‘ते लोक’ म्हणतो. ज्याला स्वतःविषयी बोलायचंय, त्यातही जे बोलण्याची घरात, शाळेत, चर्चमध्ये सगळीकडे बंदी होती तेच बोलायचंय, त्याच्या हा आवाज कामाचा नाही. ‘टंग्ज अनटाइड’ म्हणजे बांधलेल्या, आता मोकळ्या सुटलेल्या जिभा. त्यात तज्ज्ञ नाहीत आणि सलग निवेदनही नाही. एसेक्स हेम्पहिल आणि इतर कवींच्या कविता आहेत. सुरुवातीलाच अनेक गळ्यांतून, वाढत्या लयीत, ‘भावाकडून भावाला’ असा घोष येतो. हाताची चुटकी किती प्रकारे वाजवता येते आणि प्रत्येक प्रकाराचा अर्थ काय, याचा शिकवणी वर्गसुद्धा आहे, आणि तो पाहताना हसू फुटतं. काळ्या समलिंगी पुरुषांनी चुटकीत टोमणा, नकार, दाद, आव्हान हे सगळं कोंबून ठेवलं होतं. बाहेरच्याला ती नुसती चुटकी ऐकू येते.

आणि मधोमध रिग्ज स्वतः, कॅमेऱ्याकडे थेट पाहत, आपलं लहानपण सांगतो. शाळेत गोरी पोरं त्याच्या रंगावरून शिव्या देतात. काळी पोरं गोऱ्यांचा हुजऱ्या म्हणून हिणवतात. बायकी म्हणून तर दोन्हीकडून शिव्या. या जागी पडद्यावर नुसती तोंडं येतात, ओठ आणि दात, अगदी जवळून, एकेक शिवी थुंकत. चेहरा पूर्ण दिसत नाही, म्हणून ते तोंड कुणाचंही असू शकतं. मला विचाराल तर वंशभेदावरची जाड पुस्तकं जिथे पोचत नाहीत, तिथे हा तुकडा पोचतो.

मोठा झाल्यावर तो सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो भागात जातो. समलिंगी पुरुषांची ती जणू पंढरी. तिथे तरी आपलं माणूस भेटेल असं त्याला वाटतं. पण तिथली दुकानं, पोस्टरं, मासिकं, सगळी गोऱ्या देहांनी भरलेली. काळा माणूस दिसलाच तर विनोदापुरता. या नंदनवनात आपली सावलीसुद्धा पडत नाही, असं त्याच्या लक्षात येतं. काळ्यांच्या चळवळीत तो समलिंगी म्हणून नकोसा, समलिंगींच्या वस्तीत काळा म्हणून अदृश्य. ‘आधी कोण?’ या प्रश्नाचा दोन्हीकडून येणारा रेटा तो असा.

हे सगळं एड्सच्या सावलीत चाललं होतं. चित्रपटाचं काम चालू असतानाच, १९८८च्या अखेरीस, जर्मनीत रिग्जची मूत्रपिंडं निकामी झाली आणि त्याला एचआयव्हीची लागण असल्याचं कळलं. चित्रपटाच्या शेवटाकडे वर्तमानपत्रांतल्या निधनवार्ता येतात, तरुण काळ्या पुरुषांचे फोटो, एकामागून एक. मग रिग्जचा स्वतःचा चेहरा. मागे हृदयाचे ठोके, टिकटिकणाऱ्या घड्याळासारखे. त्यानंतर गुलामीविरुद्ध लढलेल्या हॅरिएट टबमन, फ्रेडरिक डग्लस यांची जुनी छायाचित्रं, म्हणजे हाही त्याच वाटेवरचा प्रवास आहे, एवढंच तो सुचवतो आणि पुढे सरकतो.

पुढे झालं ते राजकारण. अमेरिकेत पीबीएस नावाची सार्वजनिक दूरचित्रवाणी आहे, पण ती आपल्या दूरदर्शनसारखी दिल्लीहून चालवल्यासारखी एकसंध नाही. ठिकठिकाणची केंद्रं आपापला निर्णय घेतात. जुलै १९९१मध्ये ‘पी.ओ.व्ही.’ या मालिकेत ‘टंग्ज अनटाइड’ दाखवायचं ठरलं, तेव्हा अनेक केंद्रांनी अंग काढून घेतलं. काहींनी मध्यरात्रीची वेळ दिली. करदात्यांचा पैसा असल्या घाणीवर का, अशी ओरड झाली. रिग्जला या कामासाठी सरकारी कलानिधीतून मिळाले होते ५,००० डॉलर. १९९२च्या निवडणुकीत, बुश यांच्याच पक्षाची उमेदवारी मागणाऱ्या पॅट ब्युकॅनन यांनी अध्यक्ष बुश यांच्याविरुद्धच्या जाहिरातीत या चित्रपटातला एक तुकडा वापरला, परवानगी न घेता. बुश यांचं सरकार कशाला पैसे देतं पाहा, असा त्याचा सूर. चित्रपट काळ्या पुरुषांचा, आणि जाहिरातीसाठी उचललेल्या तुकड्यात नाचणारे बहुतेक पुरुष गोरे. रिग्जने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये उत्तर लिहिलं. आधीच्या, १९८८च्या निवडणुकीत विली हॉर्टन या काळ्या कैद्याचा चेहरा दाखवून गोऱ्या मतदारांना घाबरवलं गेलं होतं, तसा यंदाचा बागुलबुवा आपल्याला केलंय, असं त्याने स्पष्ट म्हटलं. २०२२ साली हाच चित्रपट अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने राष्ट्रीय ठेवा म्हणून जतन करायच्या यादीत घेतला.

याच काळातला दुसरा माहितीपट जास्त लोकांनी पाहिला आहे, आणि त्याच्याभोवतीचा वाद अजून शमलेला नाही. जेनी लिव्हिंग्स्टनचा ‘पॅरिस इज बर्निंग’, १९९०चा.

न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात काळ्या आणि लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाच्या) समलिंगी पुरुषांच्या, ट्रान्स स्त्रियांच्या रात्ररात्र चालणाऱ्या स्पर्धा होत. त्यांना ‘बॉल’ म्हणत. यामागेही एक इतिहास आहे. आधीच्या ड्रॅग, म्हणजे पुरुषांनी स्त्रीवेशात उतरायच्या, सौंदर्यस्पर्धांमध्ये काळे स्पर्धक असायचे, पण मुकुट सहसा गोऱ्यांच्या डोक्यावर. १९६७च्या अशाच एका स्पर्धेत क्रिस्टल लबेजा हिने कॅमेऱ्यासमोर आयोजकांना सुनावलं, आणि पुढे हार्लेममध्ये स्वतःचं ‘हाऊस’ काढलं. हाऊस म्हणजे घरच. आईबापांनी हाकलून दिलेल्या पोरांना तिथे एक ‘आई’ मिळे. ती जेवू घाले, दटावे, स्पर्धेसाठी तयार करे, आणि पोरं हाऊसचं नाव आडनाव म्हणून लावत. आपल्याकडच्या हिजड्यांच्या घराण्यांशी, गुरू-चेल्याच्या नात्याशी याचा थेट संबंध काही नाही, पण मराठी वाचकाला ही रचना त्यावरून चटकन कळेल.

बॉलमध्ये निरनिराळ्या ‘कॅटेगरी’ असतात आणि त्यातली समजून घ्यायची ती ‘रिअलनेस’. कुणी सुटाबुटात ब्रीफकेस घेऊन कंपनीतला बडा अधिकारी म्हणून चालतो, कुणी शाळकरी पोरगा, कुणी सैनिक. हुबेहूब वठला पाहिजे, रस्त्यावर कुणाला संशय येता कामा नये. वरवर पाहता हे सोंगच. पण डोरियन कोरी ही जुनी जाणती कलावंत आरशासमोर मेकअप करता करता त्याचा अर्थ सांगते. काळ्या माणसाला अधिकाऱ्याची नोकरी मिळणं मुश्किल, कारण शिक्षण आणि संधी दोन्ही हातात नाहीत. इथे तो दाखवून देतो की संधी मिळाली असती तर मी असा दिसलो असतो. ट्रान्स बाईसाठी तर ‘रिअलनेस’ म्हणजे रात्री भुयारी रेल्वेतून मार न खाता घरी पोचणं. तिच्या लेखी तो बक्षिसापुरता खेळ उरत नाही.

डोरियनच ‘रीडिंग’ आणि ‘शेड’ हेही समजावते. कलगी-तुऱ्याच्या फडात एकमेकांना शब्दांत पकडतात तसं समोरच्याचं वर्म हेरून बोलणं म्हणजे रीडिंग. आणि काही न बोलता, नुसत्या नजरेने तेच करणं म्हणजे शेड. हे शब्द आज जगभरच्या पोरांच्या तोंडी आहेत. ते कुणाच्या घरातून आले, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

आणि वाद नेमका याच ठिकाणी आहे. लिव्हिंग्स्टन स्वतः क्वीअर, पण गोरी, येल विद्यापीठात शिकलेली. ती पडद्यावर दिसत नाही. बेल हुक्स या कृष्णवर्णीय विचारवंत स्त्रीने बोचरा प्रश्न केला: कॅमेरा धरणारी नजर कुणाची आहे, हे लपवल्यामुळे ती नजर सर्वांची असल्याचा भास होत नाही का? काळी माणसं गोऱ्या श्रीमंतीची स्वप्नं पाहतात आणि गोरा प्रेक्षक त्यावर खूश होऊन टाळ्या वाजवतो, यात नेमकं काय साजरं होतंय? पैशाचाही प्रश्न आला. चित्रपटाने तिकीटबारीवर अडतीस लाख डॉलरच्या आसपास कमावले. पडद्यावरच्या १३ जणांत मिळून सुमारे ५५,००० डॉलर वाटले गेले.

मला हुक्सचा प्रश्न पूर्ण पटतो, आणि तरी हा माहितीपट नसता तर डोरियन कोरी, पेपर लबेजा, विली निंजा या बॉलमधल्या कलावंतांचे आवाज आपल्यापर्यंत पोचले नसते हेही पटतं. या दोन गोष्टींतली एक निवडायला मी तयार नाही. व्हीनस एक्स्ट्राव्हागान्झा ही नाजूक चणीची तरुण ट्रान्स मुलगी चित्रपटात खाटेवर पडून आपली स्वप्नं सांगते: लग्न, घर, लाडाकोडात वाढलेल्या श्रीमंत गोऱ्या मुलीचं आयुष्य. चित्रपट पूर्ण होण्याआधी, १९८८च्या डिसेंबरमध्ये, न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात तिचा खून झालेला आढळला. तिच्या हाऊसची आई अँजी कॅमेऱ्यासमोर ते सांगते.

कॅमेरा कुणाच्या हातात, हा प्रश्न त्याआधीचाही आहे. १९६६च्या डिसेंबरमधल्या एका रात्री शर्ली क्लार्क या गोऱ्या दिग्दर्शिकेने न्यूयॉर्कच्या चेल्सी हॉटेलात जेसन हॉलिडे या काळ्या समलिंगी माणसाला १२ तास बोलतं ठेवलं. ‘पोर्ट्रेट ऑफ जेसन’मध्ये तो पितो, हसतो, गातो, शेवटी रडतो. कॅमेऱ्यामागून त्याला डिवचणारे आवाजही ऐकू येतात. क्लार्कने ते कापले नाहीत. त्यामुळे पाहणाऱ्यालाही हात झटकून बाजूला होता येत नाही. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला २०२३चा ‘कोकोमो सिटी’. डी. स्मिथ ही कृष्णवर्णीय ट्रान्स दिग्दर्शिका. एकेकाळी संगीत निर्मितीत नाव असलेली, पण ट्रान्स म्हणून जगू लागल्यावर काम गेलं, घर गेलं. तिने स्वतःच कॅमेरा धरला, स्वतःच संकलन केलं. देहविक्रय करणाऱ्या चार काळ्या ट्रान्स स्त्रिया तिच्याशी बोलतात, त्या मैत्रिणीशी बोलावं तशा. कुणालाही काही समजावून सांगण्याचा भार त्यांच्यावर नाही. त्यांच्यापैकी कोको दा डॉल हिला त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये अटलांटात गोळी घालून मारलं गेलं. चित्रपट थिएटरांत लागायचा होता. व्हीनसला जाऊन तेव्हा चौतीस वर्षं झाली होती.

ज्यांचं चित्रण कुणी केलंच नाही, त्यांच्यावर माहितीपट कसा काढायचा? शेरिल ड्यून्ये या काळ्या लेस्बियन दिग्दर्शिकेपुढे हा प्रश्न होता. १९३०च्या दशकातल्या हॉलिवुडमधल्या काळ्या नट्या शोधाव्यात तर श्रेयनामावलीत त्यांची नावंही नसत, आणि त्यांच्यातल्या लेस्बियन बायकांची तर कुठेच नोंद नाही. मग १९९६च्या ‘द वॉटरमेलन वूमन’मध्ये तिने एक नटीच निर्माण केली, फे रिचर्ड्स नावाची. छायाचित्रकार झोई लेनर्डने तिचे जुने वाटणारे फोटो तयार केले, आणि ड्यून्ये स्वतः व्हिडिओच्या दुकानात काम करणारी शेरिल होऊन तिचा माग काढते. तुम्ही तासभर विश्वास ठेवता. शेवटी पडद्यावर अक्षरं येतात की ही सगळी कल्पना आहे, कधीकधी आपला इतिहास आपल्यालाच घडवावा लागतो.

ही अक्षरं वाचताना मला आपल्याकडचं ‘आम्हीही इतिहास घडवला’ आठवतं. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या कामाची दप्तरी नोंद नव्हती, म्हणून ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगावी फिरल्या, म्हाताऱ्या बायांना भेटल्या, त्यांच्या आठवणी लिहून घेतल्या. पुस्तक आलं १९८९ साली. ड्यून्येला विचारायला कुणी उरलं नव्हतं, तिने कल्पनेचा आधार घेतला. पवार-मून यांना बाया भेटल्या. रिकामी जागा दोन्हीकडे एकाच प्रकारची होती, आपल्याच इतिहासात पडलेली.

तशीच जागा काळ्यांच्या हक्कांच्या चळवळीतला कार्यकर्ता बेयार्ड रस्टिन याच्या आयुष्यात दिसते. २००३च्या ‘ब्रदर आउटसायडर’ या माहितीपटात त्याची गोष्ट आहे. गांधीजींच्या वाटेचा अभ्यास करायला तो १९४८ साली भारतात येऊन गेला, मार्टिन ल्यूथर किंग यांना अहिंसक लढ्याचे धडे त्याने दिले, आणि २८ ऑगस्ट १९६३च्या वॉशिंग्टन मोर्चाची, अडीच लाख माणसांची, सगळी जुळणी त्याची. पण तो समलिंगी होता आणि त्यावरून १९५३ साली त्याला अटक झाली होती. मोर्चाच्या तोंडावर एका सिनेटरने भर सभागृहात ते प्रकरण उकरलं. तेव्हा नेते त्याच्या पाठीशी उभे राहिले. तीन वर्षांपूर्वी मात्र, बदनामीच्या धमकीपुढे, त्याला किंग यांच्यापासून दूर व्हावं लागलं होतं. चळवळीला त्याचे हात हवे होते, चेहरा नको होता.

रिग्जने शेवटचा माहितीपट करायला घेतला तेव्हा त्याचं अंग साथ देत नव्हतं. ‘ब्लॅक इज... ब्लॅक एन्ट’ हे त्याचं नाव: काळेपण म्हणजे काय, आणि काय नव्हे. या वेळी प्रश्न खुद्द काळ्या समाजाला होता. खरा काळा कोण, हे ठरवणारे तुम्ही कोण? पुरेसा गडद रंग नसलेला, पुरेसा मर्दानी नसलेला, शुद्ध इंग्रजी बोलणारा, चर्चला न जाणारा, यांना रांगेबाहेर कोण काढतं? अँजेला डेव्हिस, बेल हुक्स, कॉर्नेल वेस्ट हे कृष्णवर्णीय विचारवंत बोलतात, पण मधूनमधून रिग्ज आपल्या आजीच्या गंबोकडे वळतो. गंबो हा लुइझियानातला दाटसर रस्सा. कोळंबी, खेकडा, सॉसेज, कोंबडी, भेंडी, जे असेल ते एका भांड्यात. आपली भोगीची भाजी आठवा: वांगं, गाजर, पावटा, बोरं, एकाच रश्शात शिजतात आणि तरी प्रत्येकाची चव वेगळी लागते. कुठल्या जिनसाला आधी कोण असं कुणी विचारत नाही.

अधूनमधून तो रुग्णालयाच्या खाटेवरून बोलतो. हाडं वर आलेली, आवाज बारीक. काम उरलंय तोवर आपण जाणार नाही, असं तो म्हणतो, कारण हे काम म्हणजे आपल्यातलं जिवंत काहीतरी आहे, आणि त्याला दुसऱ्यांपर्यंत पोचायचंय. आणखी एका दृश्यात तो झाडीतून धावतो, अंगावर एकही कपडा नाही, दमलेला, वाट शोधणारा. ५ एप्रिल १९९४ रोजी तो गेला, वयाच्या ३७व्या वर्षी. माहितीपट अर्धवट होता. त्याच्या सहकाऱ्यांनी त्याच्या टिपणांवरून आणि उरलेल्या चित्रीकरणातून तो पूर्ण केला. त्यात रुग्णालयाची खाट आहे, झाडीतली धाव आहे, आणि आजीच्या भांड्यात रटरटणारा गंबोही आहे.